सोमवारचं ऑइल

“पावणं, तुमची गाडी रडतीया.”

मार्केट यार्डात मी नारळाची पोती पिकअपमध्ये चढवून घेत होते. कितीतरी दिवस पाऊस उघडला नव्हता, रेनकोट आतूनसुद्धा ओला झाला होता, आणि अशा वेळी कुणी थट्टा करायला आलं की माझं डोकं फिरतं. मी मागे वळले. एक तरुण उभा होता. हातावर ग्रीसचे डाग, कपाळाला चिकटलेले केस… आणि नजर माझ्याकडे नाहीच, पिकअपच्या पुढच्या चाकाकडे.

“रडू दे की. तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलंय का तिनं?”

तो हसला नाही. खाली वाकून त्यानं चाकामागे बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर काळं, दाट तेल होतं.

“स्टेअरिंग बॉक्स गळतोय, ताई. घाटात चालवता काय ही?”

घाटातच चालवत होते. जोतिबाच्या डोंगरावर आमचं नारळ-गुलालाचं दुकान आहे. रविवारी भक्तांची गर्दी उसळते, सोमवारी दुकान रिकामं होतं, म्हणून दर सोमवारी मी माल भरायला कोल्हापुरात उतरायची. माझ्या वडिलांची, आबांची नजर साखरेच्या आजारानं गेली तेव्हापासून स्टेअरिंग माझ्या हातात होतं, आणि ते निम्म्या डोंगराला बघवत नव्हतं. शेवटी आबांनीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “गाडीला वरखडा पडला, की किल्ली पृथ्वीराजकडं.” पृथ्वीराज माझा चुलतभाऊ. त्या किल्लीत माझा जीव होता. ती गेली की मी घरात, आणि घरात बसलेल्या पोरीसाठी लगेच स्थळं बघायला लागतात.

म्हणून मी त्याच्या मागोमाग उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजला गेले. त्याचं नाव चिराग. त्यानं बॉक्स खोलला, नवं सील बसवलं, ऑइल भरलं. पुढच्या सोमवारी चाकामागे परत थेंब.

“जुनी गाडी हाय,” तो म्हणाला. “दर सोमवारी आणत जा. भरून देत जाईन.”

“आणि ‘ताई’ म्हणायचं कुठं गेलं आज?”

“कोण ताई?” तो बॉक्सकडे बघत म्हणाला, पण कान लाल झाले होते.

मग सोमवार कधी येतो असं व्हायला लागलं मला. तो गाडीखाली झोपून काम करायचा आणि मी फळकुटावर बसून त्याच्या पायांशी बोलायची. चातुर्मासात तो दिवस मावळल्यावर जेवत नसे, त्यांच्या जैन घरात तो नेमच होता. मला काय ठाऊक… एकदा मी मोठ्या हौसेनं भाकरी आणि बटाट्याची भाजी घेऊन गेले. जमिनीखालचं चालत नाही म्हणाला. माझं तोंड उतरलं. बाहेर पावसानं इतकं अंधारलं होतं की वेळही कळत नव्हती.

“जाऊ दे,” मी डबा झाकला. “आता तर दिवसबी मावळला.”

“कोण म्हणतंय?” त्यानं हात पुसले आणि कोरडी भाकरी उचलली. “ह्या आठवड्यात उगवलाय कुठं तो? उगवलाच न्हाय, तर मावळंल कसा?”

माझ्यासाठी त्यानं नेम वाकवला होता. त्या संध्याकाळी घाट चढताना मी स्वतःशीच हसत होते. मी त्याच्या प्रेमात पडले होते, उगीच आढेवेढे कशाला घेऊ?

मग पंचगंगा रस्त्यावर आली. खाली जायची वाट बंद झाली. डोंगरावर दूध नाही, पीठ नाही, म्हणून मी रोज पन्हाळ्याच्या बाजूनं गाडी पळवत होते. चिरागचा फोन आला.

“गाडी काढतीस काय?”

“का? गाडीचीच आठवण येतीया वाटतं?”

पलीकडे नुसता पाऊस ऐकू येत होता.

“न्हाय…” तो हळूच म्हणाला. “तुझीच.”

मी हसले. तो आणखी काहीतरी म्हणणार होता, पण म्हणाला नाही. मला वाटलं, लाजला.

पाणी ओसरलं त्या सोमवारी आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ते शेजारी बसले. घाटाच्या वळणावर मी स्टेअरिंग फिरवलं… आणि ते तिथंच अडकलं. सरळ होईना. मी दोन्ही हातांनी ओढत होते. गाडी डोंगराच्या अंगाला घासत गेली आणि दगडावर आदळून थांबली. दुसऱ्या अंगाला दरी होती. आबांच्या कपाळातून रक्त आलं. त्यांनी ओरडायला हवं होतं, पण त्यांनी फक्त हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली.

गाडी दोर लावून ओढत वर आणली. मी चिरागला फोन केला, तो पुढच्याच एसटीनं आला. खांद्यावर अवजारांचं पोतं. भर पावसात, आमच्या दारात त्यानं बॉक्स उतरवला. आत ऑइलचा थेंबही नव्हता, म्हणूनच स्टेअरिंग अडकलं होतं. मग त्यानं पोत्यातून कागदात गुंडाळलेला, बॉक्समधला नवा कोरा शाफ्ट काढला.

मी त्या शाफ्टकडे बघत राहिले.

“बॉक्स तर तू आत्ता खोललास. शाफ्ट गेलाय हे तुला आधीच कसं कळलं?”

त्याचे हात थांबले.

“चिराग…?”

“पयल्या सोमवारीच बघितलंतं,” तो खालमानेनं म्हणाला. “शाफ्टला चर पडलाय. त्यावर कसलंबी सील टिकत न्हाय.”

“मग तवाच का न्हाई बदललास?”

“बदलला असता तर तू परत आली नसतीस.” त्याचा आवाज चिरकला. “दर सोमवारी मी भरतच होतो की ऑइल, निशा. पूर येईल हे कुणाला ठाऊक?”

“फोन केलतास तू.”

“सांगणारच होतो. तू हसलीस… मग तोंडातनं निघालंच न्हाय.”

कुणाला मी इतकी हवी असेन, असं मला कधी वाटलं नव्हतं. ते ऐकून सुखावले, आणि त्याच क्षणी मला घाटातली ती दरी आठवली.

“आता हेच आबांना सांग.”

तो आत गेला. कपाळाला पट्टी बांधून आबा खाटेवर बसले होते.

“आबा, पोरीची चूक न्हाय. माझी हाय,” असं म्हणून त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

आबांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या दिशेनं धरली.

“निशा, गाडी जोडून झाली की ह्याला फाट्यावर सोडून ये. आणि परत ह्याच्या दारात गाडी लावायची न्हाय.”

नव्या शाफ्टची गाडी घेऊन आम्ही धुक्यातून उतरलो. स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं. फाट्यावर मी गाडी थांबवली. तो उतरत नव्हता, मीही उतर म्हणत नव्हते.

“आवडत होतास तू मला,” मी म्हणाले.

“होतो?”

“अजूनबी आवडतोस. तीच तर पंचाईत हाय.”

“मग सोमवारी…”

“शेजारी आबा होते, चिराग.”

तो काचेवरच्या पाण्याकडे बघत राहिला.

“तू खरं बोललास म्हणून किल्ली माझ्याकडं हाय,” मी म्हणाले. “ते मी जलमभर विसरणार न्हाय. पण मी दिसावी म्हणून तू मला तसल्या गाडीत घाटात सोडत होतास. तुझ्या घरात मला झोप लागायची न्हाय रे.”

त्यानं मान हलवली. समजावलं नाही, हातही धरला नाही. धरला असता तर मी काय केलं असतं, देव जाणे. एसटी आली. पोतं खांद्यावर टाकून तो उतरला आणि माझ्या खिडकीशी क्षणभर थांबला.

“आता गळणार न्हाय,” तो म्हणाला.

“ठाऊक हाय. येते मी.”

एसटी धुक्यात दिसेनाशी झाल्यावर मी गाडी वळवली. अख्खा घाट चढताना मी हमसून हमसून रडत होते. गाडी कुठंच अडकली नाही.