एव्हाल्डच्या कुत्रीचा श्वास

टेबलावर जनावर नसताना श्वास घेणारा फुगा पाहिलाय का रे कधी? नाही ना? माझ्या भाचीनं पाहिलाय. सोल्वायनं. ती उगाच काही बोलणाऱ्यातली नाही.

बंदरावरच्या जनावरांच्या दवाखान्यात ती नर्स होती. भुलीचं मशीन तपासणं तिच्याकडे. व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीचं तोंड अंगठ्यानं दाबायचं, रबरी फुगा भरायचा आणि दाबाचा काटा खाली येत नाही ना ते बघायचं. म्हणजे गळती नाही. मग आठवणीनं व्हॉल्व्ह उघडायचा. तो बंदच राहिला, तर जनावराला श्वास सोडता येत नाही. छाती फुगतच जाते.

वसंतात एकदा ती विसरली. म्हाताऱ्या एव्हाल्डची कुत्री ट्रीना टेबलावरच गेली. एव्हाल्ड ट्रीनाच्या छातीवर हात ठेवून नुसता बसून राहिला. उन्हाळा संपता संपता तोही गेला.

तेव्हापासून सोल्वाय व्हॉल्व्ह उघडला की मोठ्यानं म्हणायची, "उघडला."

गेल्या वर्षीची दहा नोव्हेंबर. मॉर्टेनच्या सणाची रात्र, घरोघरी बदक भाजलेलं. डॉक्टर आस्गरचा फोन आला.

"सोल्वाय, बदक राहू दे ताटात, मशीन तयार कर. बेकरीवाल्या केर्स्टनच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडलाय. घेऊन निघालोय त्याला."

तिनं सगळं तपासलं. काटा जागचा हलला नाही. "उघडला," ती म्हणाली. फुगा रिकामा झाला. गॅस बंद केला. वळली.

मागे हलकासा आवाज झाला...

फुगा भरत होता. भरला. बसला. पुन्हा भरला. झोपलेल्या कुत्र्याच्या पोटासारखा. मग भरला तो बसेचना. तिनं पाहिलं. व्हॉल्व्ह बंद.

तिनं उघडला. "उघडला..."

पुन्हा बंद.

तेवढ्यात आस्गर कुत्र्याला उचलून आत आला. "बदक कच्चं होतं की काय? तोंड बघ तुझं!"

"या मशीनवर नको, आस्गर."

"मग काय, अंगाई म्हणून झोपवू याला? दुसरं मशीन आहे का आपल्याकडे?"

नव्हतं. आणि थांबलं तर कुत्रा मरणारच होता.

तिनं व्हॉल्व्ह मुठीत धरला. पूर्ण ऑपरेशनभर. मुठीत तो फिरत होता. हळू. घाई नसल्यासारखा. ती उलटा पिळत राहिली.

"रक्त येतंय! दोन्ही हात दे इकडे!"

"मला सोडता येत नाही..."

"सोल्वाय! आत्ता!"

तिनं सोडला. एका टाक्याची गाठ मारण्यापुरता.

फुगा टम्म झाला. ती व्हॉल्व्हवर झेपावली. फिरेना. आस्गरनं नळीच उपटली...

कुत्र्याची छाती वर होती. खाली आली नाही.

दोघांनी त्याला टेबलावरून उचलून बाहेर नेलं.

आस्गरनं सिलिंडर काढला. फुगा ओढून टेबलावर टाकला. दाराला कुलूप लावलं.

सकाळी त्यानं दार उघडलं. फुगा टेबलावरच होता. तोंड उघडं होतं, आणि तो टम्म फुगलेला होता.