लिंबाखाली सोडलेलं पाणी

कंदील जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. हां. आता गुमान ऐका, आणि मध्येच "खरं का?" म्हणून विचारू नका. तात्याबा माझ्या पलटणीतला. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. बोलला की कान लाल व्हायचे.

तात्याबा फौजेत लॉरी चालवायचा. कित्येक हिवाळे त्यानं क्वेट्ट्याला काढले. तिकडं रात्री रेडिएटरमध्ये पाणी राहिलं तर बर्फ होऊन इंजिन फुटायचं. म्हणून गाडी उभी केली की पाणी सोडायचं, असा हुकूमच होता. हाताला वळण पडलं.

तो तिकडं असतानाच त्याचा पहिला मुलगा येडू तापानं गेला. नुकतं चालायला लागलेलं पोर. बापाला मातीला येता आलं नाही. पुढं एकदा रजेवर येऊन गेला, त्यानंतर मुलगी झाली, केरा. तिचं तर तोंडही पाहिलं नव्हतं. मग सोलापूरला बदली झाली. तेहतीस सालची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आंबील घेऊन शेतात जेवायला जायचा सण. अक्कलकोटला सामान टाकून परतताना वाटेत वळसंगला घरी रात्र काढायची मुभा साहेबानं दिली. गड्याला आभाळ ठेंगणं झालं.

पोचायला रात्रीचे दहा वाजले. गल्लीत लॉरी शिरेना. गावाबाहेर सडकेला कडू लिंब होता, त्याखाली लावली. हात आपोआप खाली गेला आणि रेडिएटरची तोटी फिरली. उकळतं पाणी मातीत शिरलं. रात्री ऊन पाणी सांडताना, मातीत कुणी न दिसणारं असेल तर भाजू नये म्हणून, आधी "सरका" म्हणावं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण फौजेनं त्याला ते विसरायला लावलं होतं.

पाणी संपलं, तसं पोर कण्हल्यासारखं वाटलं. केराच रडतेय, असं समजून तो हरखून घराकडं धावला.

केरा पाळण्यात गाढ झोपली होती. गोजाबाईनं, त्याच्या बायकोनं, शेतातून आणलेली आंबील पुढ्यात ठेवली.

"गाडी कुटं लावली?"

"लिंबाखाली की. ऊन पानी सोडलं आन् आलो."

गोजाबाईच्या हातातला तांब्या सुटला.

"अवं... तितंच ठिवलाय आपला येडू."

लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. तात्याबाला ते ठाऊक होतं. पण कुठं पुरलं, हे विचारायचा धीर त्याला कधी झाला नव्हता.

बाहेर कण्हणं सुरू झालं. आता अंगणात. मग उंबऱ्याशी.

मग... काहीच नाही.

आणि केरा किंचाळली. तिचं पाऊल लाल होत होतं. बोटं. टाच. घोटा.

"येडू, तिला सोड रं! तुजी भन हाय ती!" गोजाबाई ओरडली.

तात्याबानं पाण्याची घागर उचलली आणि पळत सुटला. लिंबाखाली सगळं गार पाणी ओतलं. गुडघ्यांवर बसला. लेकरासारखा रडला.

"चुकलं रं बाळा. बहिनीला सोड. मी आलोय की... माज्याकडं ये."

पान हलेना.

कण्हणं थांबलं.

मग पाठीवर काहीतरी चढलं. हलकं. ऊन ऊन. गळ्यात पडायला दोन हात...

सकाळी केरा खिदळत होती. पावलावर डागसुद्धा नव्हता. तात्याबानं रेडिएटर भरला आणि लॉरी सोलापूरला नेली. हे सगळं त्यानं पुढं फक्त मला सांगितलं.

पुढं बराकीत अंघोळीला बसलो की मला दिसायचं. त्याच्या मानेवर भाजल्याचे वळ होते, दोन इवलेसे पंजे. डॉक्टरनं मलमं दिली, काही उपयोग झाला नाही. आणि पोरांनो, ते पंजे वाढायला लागले. वर्षागणिक... घरातलं पोर वाढतं तसे.

तात्याबा गेला तेव्हा शेवटची अंघोळ मीच घातली. पंजे चांगल्या थोराड गड्याचे झाले होते. बोटं पुढं, गळ्यावर, एकमेकांत घट्ट अडकलेली.