काठोकाठ

नवरोजला, म्हणजे मार्चमधल्या आमच्या नववर्षाला, घरी दोन गोष्टी ठरलेल्या. घरातलं एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही, ही सासूबाईंची. आणि आजवर कधी न केलेलं काहीतरी सगळ्यांनी मिळून करायचं, ही एर्मेकची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. यंदा त्याच्या मनात आलं, गोठलेलं सरोवर पायी ओलांडून पलीकडच्या काठावर नणंदेकडे जायचं. एरवी सरोवर पुरुषच ओलांडतात, तेही भर हिवाळ्यात. आता चौघं निघालो: तो, मी, आपा आणि आमची चार वर्षांची लेक सायकाल.

आपा म्हणजे सासूबाई. त्यांनी घसरगाडीवर ताकाचे कॅन चढवले, दुधाचे चढवले आणि मधोमध रुंद ॲल्युमिनियमचा टोप ठेवला. त्यात सुमोलोक, गव्हाच्या अंकुरांची खीर, तोंडापर्यंत भरलेली. सायकालला त्याला टेकून बसवलं.

"आई, पाहुणे म्हणून चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?" एर्मेक म्हणाला.

"लेकीच्या दारात रिकामं भांडं नेऊ? मागच्या नवरोजला ताक घुसळायचा बुधला रिकामा राहिला. यंदाचा हिवाळा सरायच्या आत तुझे वडील गेले."

एर्मेकने गाडीला घोडा जुंपला.

घोड्याने मात्र काठावरच पाय रोवले. कान मागे टाकले, नाकपुड्या फुलवल्या आणि बर्फावर एक खूरही ठेवला नाही.

"आळशी आहे मेला," म्हणत एर्मेकने त्याला खुंटाला बांधलं आणि गाडीची दोरी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी एका हातात बर्फ चाचपायची लांब काठी धरून मागून ढकलू लागले.

सुरुवातीला फार सुंदर होतं. पांढरं मैदान डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं, त्यावर आमच्या चौघांच्या सावल्या आणि सायकालचं बेसूर गाणं. पलीकडे नणंदेच्या घराचा धूर दिसत होता. पण वारा कोमट होता. मार्चच्या वाऱ्याने गालाला बोचायला हवं. हा गाल कुरवाळत होता. मग पायाखाली जुनं दार करकरावं तसा आवाज आला आणि सायकाल गाता गाता थांबली.

"आई, खाली कोण आहे?"

"कोणी नाही गं. बर्फ आळस देतोय."

पुढे बर्फ पांढरा उरला नव्हता. राखाडी होता. गाडीच्या पट्ट्यांखालून पाणी झिरपत होतं.

"ओझं जास्त झालंय," एर्मेक मागे न बघता म्हणाला. "ताक ओतून देऊ या."

मी आपांकडे पाहिलं. त्यांनी एका हाताने टोप धरला होता. "नवरोजला भरलेलं भांडं ओततात का कधी? चला, गुमान चला."

आणि आम्ही चाललो.

कडाड!

एर्मेक छातीपर्यंत खाली गेला. मी गाडीच्या बाजूने पुढे येऊन पोटावर झोपले, हातातली काठी त्याच्याकडे सरकवली. त्याने धरली. निसटली. पुन्हा धरली. मी ओढलं, तो कोपरांवर रेटत वर आला आणि बाजूला लोळला. पण भेग त्याच्यापाशी थांबली नव्हती. ती गाडीखाली शिरली होती. गाडीचं पुढचं टोक वाकलं. वर माझी सायकाल बसलेली.

"कोणी जवळ येऊ नका. तुमचं वजन झेपायचं नाही," आपा म्हणाल्या.

त्या बर्फावर आडव्या झाल्या. सरपटत गाडीपाशी गेल्या. पहिला कॅन आडवा केला. दुसरा. तिसरा. ताक भेगांतून वाहत गेलं. शेवटी टोप. त्यांचा हात क्षणभर थबकला. मग तोही उलटला.

रिकाम्या टोपात त्यांनी सायकालला बसवलं. एर्मेकच्या खांद्यावरून सुटलेली दोरी गाडीपासून सोडवून टोपाच्या कडीला बांधली, दुसरं टोक माझ्याकडे फेकलं.

"बर्फ फुटला तरी हा तरंगेल. मागे जा, बेगायिम. हळू ओढ."

मी ओढत राहिले. टोप खरखरत यायचा, पाण्याच्या डबक्यावर डुलायचा, पुन्हा सरकायचा. गाडी आमच्या डोळ्यांदेखत तिरकी झाली आणि गेली. एर्मेक कुडकुडत लांबून सरपटत होता. सगळ्यात शेवटी आपा, रिकामे कॅन काखेत धरून. बुडाल्याच तर तेवढाच आधार.

काठ आला तेव्हा घोडा खुंटाशी शांत उभा होता. मी एर्मेकचे ओले कपडे उतरवले, त्याला घोड्याच्या झुलीत गुंडाळलं. पलीकडचा धूर अजून दिसत होता. नणंद चुलीपाशी आमची वाट बघत असेल.

"आळशी, नाही का?" आपा घोड्याची मान थोपटत मुलाला म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी काय नवीन करायचं, आई?" त्याचे दात वाजत होते.

"तू कोणाचं तरी ऐक. ते कधी केलेलं नाहीस."

"आणि तू, आई?"

आपा घोड्यापासून वळल्या. ओल्या कॅनांकडे बघत राहिल्या. बुधल्याची आठवण मलाही होती.

"आपा," मी चाचरत म्हटलं, "सगळं सांडलं. एकही भांडं..."

सायकाल टोपातून उतरायला तयार नव्हती. तळाशी उरलेली खीर बोटाने चाटत होती. आपा वाकल्या, दोन्ही कड्या धरून टोप तिच्यासकट उचलू पाहिला. जागचा हलेना.

"रिकामं कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "एकटीला उचलवत नाही. ये, दुसरी कडी धर."