तीन रिंगांचा नियम

हे खरे घडले आहे. विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा वाचणाऱ्याचा प्रश्न. मात्र मध्येच हसू नये, एवढी माझी अट आहे.

तारीख १७ डिसेंबर १९८८, शनिवार. स्थळ, लंडनच्या हॅरो भागातले माझ्या धाकट्या जावेचे, सुप्रभाचे घर. रात्र म्हणावी, तर घड्याळात चारही वाजले नव्हते. पण ज्यांना इंग्लंडमधला डिसेंबर ठाऊक आहे, त्यांना अंधाराची वेळ सांगावी लागत नाही.

आधी एक नियम सांगते. तो माझाच.

आमच्या घरातले कोणीही गाडीने निघाले, की पोचल्यावर फोन लावायचा, तीन रिंग होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. ऐकणाऱ्याने उचलायचा नाही. तीन रिंग, म्हणजे सुखरूप पोचलो. वायफळ गप्पा नाहीत, खोळंबा नाही. सारे कुटुंब हा नियम पाळत असे.

पद्माकरसुद्धा.

डॉक्टर पद्माकर हा माझ्या दिराचा, श्रीनिवासचा, जिवलग मित्र. बेसिंगस्टोकला एकटाच राहायचा. दर हिवाळ्यात एक दिवस आम्हा सर्वांना समुद्रावर नेण्याचा बेत तोच आखी. रोड ॲटलासमध्ये पेन्सिलीने वाटा काढी. कितीला निघायचे, चहा कुठे घ्यायचा, अंधार पडण्यापूर्वी परत कधी फिरायचे, सारे समासात बारीक अक्षरांत लिहिलेले असे.

आदल्या वर्षीची सहल आटोपून तो संध्याकाळी पाच वाजता हॅरोहून निघाला. सव्वासहाला सुप्रभाकडे फोन वाजला.

एक... दोन... तीन.

"पोचले हो पद्माकरभाऊजी," सुप्रभा म्हणाली, आणि त्या रात्री घर निर्धास्त झोपी गेले.

तो सकाळी सापडला. वाटेत रस्त्याच्या कडेला, उभ्या गाडीत. इंडिकेटर अजून लुकलुकत होता... टक्, टक्.

साडेपाचच्या सुमारास हृदयविकाराचा झटका आला असावा, असे डॉक्टर म्हणाले. जीव मात्र मध्यरात्रीपर्यंत होता. कोणी शोधायला निघाले असते, तर...

बेसिंगस्टोकच्या घराला कुलूप होते. गाडीपासून सर्वांत जवळचा फोन दोन मैलांवर होता.

मग सव्वासहाला फोन कोणी केला?

सुप्रभाने हे नवऱ्याला विचारले नाही. मला विचारले. मी म्हटले, "राँग नंबर असेल. पुन्हा विषय काढायचा नाही."

तिने काढला नाही. पण त्यानंतर वर्षभर फोन वाजला, की तिचा हात जिथल्या तिथे थांबे.

या वर्षी तिला सहल नकोच होती. श्रीनिवास ऐकेना. "आपण घरात बसलो, तर पद्माकर वरून शिव्या देईल," म्हणाला. बेत ठरला. शनिवारी संध्याकाळी त्याने मला स्लाऊहून हॅरोला आणायचे आणि रविवारी सकाळी सातला सर्वांनी निघायचे. तो सव्वातीनला घरून निघाला. बाहेर धुके उतरू लागले होते, रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा पापुद्रा होता.

"हळू चालवा हो," सुप्रभा दारातून म्हणाली. "आणि पोचल्यावर..."

"तीन रिंग. माहीत आहे!"

ती स्वयंपाकघरात आली. बटाट्याची भाजी शिजत होती, पुऱ्यांची कणीक पहाटे भिजवायची होती. टेबलावर बारा वर्षांची मीनल पद्माकरचाच ॲटलास पसरून वेळा लिहीत होती.

"आई, डिसेंबरमध्ये बीचवर कोण जातो? माझा नाक गळून पडेल."

"माझं नाक. आणि पडलं तर टोपीत ठेव. पुढे लिही."

"मोठी काकू कोट घालून बसली असेल ना आता?"

"बसल्या असतील, म्हणावं."

"शी इज सो ऑन टाइम, ती कालपासून बसली असेल!"

दोघी हसल्या. हे मला मागाहून कळले. मी माफ केले.

तेवढ्यात फोन वाजला.

एक...

सुप्रभाच्या हातातला झारा थांबला.

दोन... तीन.

मग शांतता.

"डॅडी पोचला!" मीनलने कागदावर बरोबरची खूण केली.

सुप्रभाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तीन पस्तीस.

वीस मिनिटे.

स्वच्छ उन्हातही वीस मिनिटांत हॅरोहून स्लाऊ गाठता येत नाही.

तिने गॅस बंद केला. फोन जिन्याच्या पायथ्याशी होता. तिथला दिवा तिने लावला नाही, तसेच चाचपडत माझा नंबर फिरवला. आयुष्यात प्रथमच तिने माझा नियम मोडला होता.

मी फोन उचलला आणि आवाज ओळखताच रागावले. "सुप्रभा, काय हे? श्रीनिवास निघाला आहे ना? मग फोन अडवून कशाला ठेवतेस?"

"वहिनी... हे पोचले का?"

"इतक्यात कसा पोचेल? मी कोट घालून दारात बसले आहे."



"वहिनी, आत्ता तीन रिंग झाल्या."

मी राँग नंबर म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. पण माझ्याने म्हणवेना.

"फोन ठेव," मी म्हटले, "आणि पोलिसांना लाव. ताबडतोब."

तिने रिसीव्हर ठेवला. तो पुन्हा उचलायला हात पुढे केला, तोच...

फोन वाजला.

एक.

हाताखालचा रिसीव्हर थरथरत होता.

दोन.

तिने उचलला.

"हॅलो? अहो... तुम्ही आहात का?"

कोणी बोलले नाही. लाइनवर खरखर नव्हती, वारा नव्हता. फक्त दूरवरून, अगदी संथ लयीत...

टक्... टक्... टक्... टक्...

तिने काय ओळखायचे ते ओळखले.

"मीनल! डॅडी कुठल्या रस्त्याने जातात?"

"तो ऑलवेज पद्माकरकाकाचा शॉर्टकट घेतो." मीनलने ॲटलास उचलून आणला. बोटाखाली पेन्सिलीची रेघ होती, मुख्य रस्ता सोडून शेतांमधून जाणारी. "आई, तू रडते का?"

पोलीस म्हणाले, मॅडम, गृहस्थांना निघून अर्धा तासही झालेला नाही. तेव्हा सुप्रभा खोटे बोलली. जन्मात खोटे न बोललेली ती बाई ठणकावून म्हणाली, की माझ्या पतींना मधुमेह आहे, निघतानाच घेरी येत होती, आणि तुम्ही गेला नाहीत तर जबाबदारी तुमची. मग तिने पेन्सिलीची रेघ बोटाने धरून एकेका रस्त्याचे नाव वाचून दाखवले.

सव्वापाचला पोलिसांचा फोन आला.

गाडी घसरून कुंपणाच्या झाडीमागे, खड्ड्यात कलंडली होती. रस्त्यावरून दिसणे शक्यच नव्हते. श्रीनिवास बेशुद्ध, मांडीचे हाड मोडलेले, अंग बर्फासारखे गार. सकाळपर्यंत टिकला नसता.

तो वाचला. आजही काठी टेकत चालतो आणि चहात साखर जास्त घालतो.

हवालदाराने सुप्रभाला विचारले होते, वीस मिनिटांत तुम्हाला शंका आली तरी कशी? ती गप्प राहिली.

मी गप्प राहिले नाही. त्या हवालदाराला मी स्वतः गाठून एकच गोष्ट विचारली. गाडी सापडली, तेव्हा तिचा इंडिकेटर चालू होता का?

"नाही, मॅडम. बॅटरीच तुटून पडली होती. सगळं बंद होतं."

तीन रिंगांचा नियम मी त्याच दिवशी रद्द केला. आमच्या घरात आता फोन वाजला, की उचलायचा.

पण माझी झोप उडाली आहे ती वेगळ्याच कारणाने. त्या आदल्या वर्षीच्या तीन रिंग आम्ही "पोचलो" म्हणून ऐकल्या. तसे ऐकायला मीच शिकवले होते. तो जिवंत होता, थंडीत एकटा होता, आणि कसा कोण जाणे, त्याने आम्हाला हाक मारली असेल, तर? कोणी उचलेना, म्हणून तिसऱ्या रिंगला त्याने आशा सोडली असेल, तर?

आज हे लिहिते आहे १९९६ मध्ये. ती सहल पुन्हा कधी झाली नाही. ॲटलास माझ्याकडे आहे.

काल संध्याकाळी, सव्वासहाला, फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

टक्... टक्... टक्...

"पद्माकर," मी म्हटले, "मी ऐकते आहे. बोल."

तो बोलला नाही.

मीही फोन ठेवला नाही. मध्यरात्र उलटेपर्यंत तशीच बसून राहिले.

मग तो आवाज आपोआप थांबला.