शकुताईंकडची झाकलेली ताटं

कॅन्टीन, तळमजला. बटाटावडा साडेनऊला येतो, दहाला संपतो. चहा गोड. खुर्च्या नाहीत.

स्टीलच्या ताटाच्या कडेला टिंबाटिंबांनी घातलेलं नाव: कु. सपना शिवदास गावंडे, वाशीम.

मागच्या फाटकाबाहेरचा डोसेवाला. तवा मोठा, चटणी पातळ. पावसात ताडपत्रीचं पाणी डोशावर पडतं.

बिस्किटांचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली. जुने पार्लेकर सांगतात, वारा फिरला की अजून वास येतो.

‘आले गं, दहा मिनिटांत. माझं ताट ठेवायला सांग.’ बुधवार, बारा पन्नास.

शकुताईंची खानावळ. पुढची जागा कोरी.

कॉलेजच्या आवारात आणि आसपास कुठे काय खायला मिळतं, त्याची यादी करायची कल्पना गंधालीची. पहिल्या वर्षाची बाहेरगावची मुलं सुरुवातीचे पंधरा दिवस वडापाव आणि बिस्किटांवर काढतात. तिनेही काढले होते. तिचा नियम एकच होता. स्वतः खाल्ल्याशिवाय लिहायचं नाही. ‘झकास’, ‘एकदम भारी’ असले शब्द बाद. किती वाजता मिळतं, गरम असतं का, बसायला जागा आहे का, एवढंच. गंधाली चाखायची आणि सांगायची. सपना लिहून काढायची, कारण गंधालीचं अक्षर तिचं तिलाही लागत नसे. दोघी पार्ल्यात पूर्वेला एका बाईंच्या मागच्या खोलीत राहायच्या. जूनमध्ये यादी कॅन्टीनबाहेरच्या फलकावर लागली. ऑगस्टमध्ये तिच्यात भर घालायची होती आणि त्यात शकुताईंचं नाव घालायचं, हे सपनाचं टुमणं होतं.

‘रोज तिथे जेवतेस आणि यादीत नाही? वर्गातल्यांना कळू द्यायचं नाहीये ना तुला? गर्दी होईल म्हणून!’

‘एक गोष्ट तपासायची राहिलीय. उशिरा येणाऱ्याला गरम मिळतं का?’

‘अगं बाई, पीएच्. डी. करतेयस का खानावळीवर?’

खानावळ म्हणजे दुमजली जुन्या इमारतीतली तळमजल्याची पुढची खोली. सहा बाकं, एक मोरी, आत स्वयंपाकघर. शकुताई देवगडच्या. चाळीस वर्षं पार्ल्यात राहूनही त्यांच्या बोलण्यातलं देवगड हललं नव्हतं. भिंतीवर पाटी होती: ‘आपले ताट आपण आणावे. उशीर होणार असल्यास कळवावे.’ ताटांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपापल्या ताटावर नाव घालून आणलेलं. जेवण झालं की ताट घासायचं आणि मांडणीत उभं करायचं.

मांडणीच्या वर एक फळी होती. तिच्यावर ताटं आडवी, वरून दुसरी ताटं पालथी घालून झाकलेली. एकूण चार. गंधालीला जुलैपासून ती दिसत होती. रोज बारा वाजता शकुताई ती खाली घेत, आदल्या दिवशीचं अन्न मागच्या अंगणात कावळ्यांना घालत, ताटं धूत, ताजं वाढून पुन्हा झाकत.

‘ही कोणाची?’ तिने एकदा विचारलं होतं.

‘येतले ते.’

‘कधी?’

‘येतंय म्हणान सांगान गेलेत मां. सांगान गेलेल्याचा ताट ठेवूक नको?’

गंधालीने नोंद केली: उशिरा येणाऱ्यांची सोय आहे. एका ताटावरची तारीख तिला वाचता आली. ती तिच्या जन्माच्या आधीची होती. म्हणजे ताट जुनं. जुनी ताटं घरोघरी असतात.

त्या बुधवारी बांगडा होता. सपनाचा निरोप आला तसा गंधालीने सांगितला. शकुताईंनी सपनाचं ताट वाढलं, भाताच्या मुदीला डाव्या हाताने आडोसा करत आमटी घातली, झाकलं आणि फळीवर ठेवलं. पाचवं.

गंधाली जेवली नाही. सपनाबरोबर जेवायचं म्हणून थांबली. दीड वाजला, दोन वाजले. बाकं रिकामी झाली.

‘इला नाय तुझा चेडू?’ शकुताईंनी विचारलं.

‘येईल. कॉलेजातच असेल.’

‘ताट आसा म्हणजे येतला. त्या ताटाक तू मातर हात लावू नको हां.’ एवढं बोलून त्या पिशवी घेऊन कोकम आणायला बाहेर पडल्या. आत गॅसवर उद्याच्या वाटाण्यांचा कुकर चढवलेला होता.

गंधालीने फोन लावला. सपनाने लगेच उचलला.

‘कुठे मेलीस?’

‘अगं, इथेच तर बसलेय! तूच कुठेयस?’

‘इथे म्हणजे?’

‘शकुताईंकडे. खिडकीजवळच्या बाकावर. वीस मिनिटं झाली, एक माणूस फिरकलं नाहीये.’

गंधाली खिडकीजवळच्या बाकावर बसली होती.

‘फेकू नकोस, सपने.’

‘तुझी शप्पथ.’

फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ स्वयंपाकघरातल्या कुकरची झाली. गंधालीने फोन कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला. दुसरी शिट्टी. आधी फोनमध्ये, मग आत. मधे साधारण एक श्वास जाईल एवढं अंतर.

नेटवर्क मागे पडतं, हे तिला माहीत होतं. पुढे कसं जाईल, याचा तिने थोडा वेळ विचार केला. मग तिला राग आला. ही मागच्या अंगणात दडून बसलीय आणि आपली मजा बघतेय, हेच त्यातल्या त्यात पटण्यासारखं होतं. अंगणात जाऊन पाहिलं. दोरीवर पोतेरं, भिंतीवर एक कावळा.

‘पाच मिनिटं देते. नाही आलीस तर तुझा बांगडा मी खाणार.’

‘खाऊन दाखव!’

‘दाखवते.’

‘ए गंधे, खरंच नको हां. भूक लागलीय यार मला. इथे काहीच नाहीये.’

पाच मिनिटं गंधालीने घड्याळात पाहिली. मग बाकावर चढून ताट खाली घेतलं. शकुताईंचं बोलणं तिच्या लक्षात होतं. पण सपनाला धडा शिकवायचा होता, पोटात कावळे ओरडत होते आणि यादीतली ती एक गोष्ट तपासायची राहिली होती. वरचं ताट उचललं तर वाफ आली. वाढून दीड तास होत आला होता.

उशिरा येणाऱ्याला गरम मिळतं.

तिने सगळं खाल्लं. ताटात टाकायची सवय नव्हती. बांगड्याचा काटा कडेला ठेवला. आमटीचा शेवटचा ओघळ बोटाने पुसला आणि ते बोट कडेवरून फिरलं, तेव्हा टिंबं लागली नाहीत.

कडा गुळगुळीत होती. ताट फिरवून पाहिलं, पालथं करून पाहिलं. नाव नव्हतं.

फोन चालूच होता. ‘सपना?’ ती म्हणाली. पलीकडे खोलीचा आवाज होता, रिकाम्या खोलीचा असतो तसा. पंखा. नळाचं ठिबकणं.

दारात चैतन्य उभा होता. तो वर्गातला, फलकाचं काम त्याच्याकडे असायचं. नवी यादी घ्यायला आला होता. ‘काय गं, एकटीच हाणलंस?’

‘सपनाचं होतं. ती आलीच नाही.’

‘कोण सपना?’

‘चैत्या, आत्ता नको. डोकं फिरलंय माझं.’

‘अगं पण कोण? तुमच्या त्या मालकीणबाईंची कोणी?’

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो थट्टा करताना डावी भुवई उडवायचा. भुवई जागेवर होती. बाकावरचा नव्या यादीचा कागद ओढून घेऊन तो वाचायला लागला. ‘“आम्ही दोघींनी खाऊन पाहिलेलं.” दोघी कोण? तू आणि?’

शकुताई आल्या. बाकावरचं ताट त्यांना दिसलं. त्या रागावल्या नाहीत. ताट उचललं, काटा अंगणात टाकला, मोरीवर ताट राखेने घासलं आणि कोऱ्या ताटांच्या चळतीत सारलं.

‘शकुताई, सपना...’

‘आता नाय वाढूचा,’ त्या म्हणाल्या. एवढंच.

गंधालीने फोन पाहिला. पडद्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. नुसती मिनिटं चालली होती. तिने तो कानाला लावला.

पंखा. नळ. मग तिचा स्वतःचा आवाज, दारापाशी बोलल्यासारखा, थोडा लांबून: ‘येते, शकुताई.’

ती काही बोलली नव्हती.

तिने फोन बंद केला. पिशवी उचलली. फळीवर चार ताटं होती. काही न बोलता निघायचं, तिने ठरवलं. तोंड मिटलेलं ठेवायचं. खोलीवर जायचं, वाशीमला फोन करायचा, सपनाच्या आईचा नंबर वहीत आहे.

चैतन्य पुढे निघाला.

ती उंबऱ्यापर्यंत पोचली.

‘निघालंस गो?’ आतून शकुताईंनी विचारलं. आवाजात माया होती.

लहानपणापासून कोणत्याही घरातून निघताना तिने दुसरा शब्द कधी वापरला नव्हता. ‘जाते’ म्हटल्यावर आजीने एकदा तिला परत आत बोलावून पाट दिला होता, बसवलं होतं आणि नीट निघायला लावलं होतं.

‘येते, शकुताई.’

मागे मांडणीतून एक ताट काढल्याचा आवाज झाला.

‘बरा,’ शकुताई म्हणाल्या. ‘झाकून ठेवतंय.’

यादी सोळा जूनला कॅन्टीनबाहेर लागली. ती अजून तिथे आहे आणि ती गंधालीच्या अक्षरात नाही.