माळावरची तात्पुरती वस्ती

जरा जवळ सरका. ही गोष्ट मी मोठ्यानं सांगत नाही.

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका. भूकंपानंतर दिघीच्या वरच्या माळावर पत्र्याच्या चोवीस खोल्यांची तात्पुरती वस्ती उभी राहिली. दर मंगळवारी दुपारी ब्लडप्रेशर तपासायला मी तिथं जायचे. दोन ठिकाणची माणसं एकत्र आणून ठेवलेली. एका रांगेत खाडीकाठच्या मोहल्ल्यातली, दुसऱ्या रांगेत सदूभाऊंच्या वाडीतली. चार महिने झाले तरी दोन्हीकडच्यांना एकमेकांची नावं नीट ठाऊक नव्हती.

त्या मंगळवारी दंडाला पट्टा बांधून घेता घेता मोहल्ल्यातल्या जहुराचाचीनं माझं मनगट धरलं. तिची सून आफरा भूकंपात गेली होती. ढिगाऱ्यात ती शेवटपर्यंत सापडलीच नाही. मागे राहिली सहा वर्षांची लाइबा, आणि कतारची नोकरी सोडून आलेला तिचा बाप, मुझम्मिल.

“सोनलताई, त्या टोकाच्या खोलीत कोण ऱ्हाते गं? लाइबा रोज दुपारी तिकडंच जाते. म्हातारी हाय म्हणते, गोष्टी सांगते म्हणते.”

“तुमच्याकडची नाही?”

“आमची न्हाय. वाडीतली असंल, असं आम्ही समजलो.”

सदूभाऊ म्हणजे वाडीतले म्होरके, त्यांना विचारलं. तंबाखू मळता मळता त्यांचा हात थांबला. “ती? ती मोहल्ल्यातली ना?”

मी त्या टोकाच्या चोवीस नंबरशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मे महिना, बाहेर पत्र्याला हात लाववत नव्हता, आत मात्र गारवा. आणि ओल्या मातीचा वास... विहीर खणताना खालून येतो तसा. कोपऱ्यात म्हातारी बसलेली. मी काही विचारायच्या आतच तिनं हात पुढं केला.

पट्टा बांधला. मशीन घरघरलं, थांबलं. आकडा आलाच नाही. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“गाव कुठलं, आजी?”

“हितलंच.”

“इथं तर नुसता माळ होता.”

“आमाला बी हितंच आणून ठेवलं व्हतं,” ती म्हणाली. “जमीन हालली तवा. पत्रं न्हवतं, झावळ्यांची खोपटी व्हती. चार म्हयने ऱ्हावा म्हनले...”

“मग?”

तिनं दंडाचा पट्टा स्वतःच सोडला. मग हळूच म्हणाली, “पोरीला धाड. तिची आय आत निजलीय.”

खोली ती केवढी! मध्ये एक चादर बांधलेली. तिच्यामागे कुणीतरी कूस बदलली... बांगड्या वाजल्या.

मशीन तिथंच टाकून मी पळत सुटले.

मुझम्मिल आणि सदूभाऊंना घेऊन परत आले, तर दाराला कुलूप. सदूभाऊंनी दगडानं ते तोडलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कोऱ्या खाटा, एकावर एक, पार छतापर्यंत. माणूस शिरायलासुद्धा जागा नव्हती. माझं मशीन सगळ्यांत मागे, भिंतीला टेकलेलं. ते काढायला सगळ्या खाटा बाहेर घ्याव्या लागल्या.

त्याच संध्याकाळी चाची लाइबाला घेऊन दिघीच्या धक्क्यावरून लाँचनं खाडीपलीकडं आगरदांड्याला उतरली, तिथून मुरूडला भावाकडं. मुझम्मिल गेला नाही. “तू पण जा रे,” सदूभाऊ म्हणाले. तो रिकाम्या खोलीकडं बघत राहिला. म्हणाला, “मी एकदा बघतो. म्हातारीनं सांगितलं ते खरं असलं तर?”

दिवाळीनंतर सगळ्यांना पक्की घरं मिळाली. मुझम्मिलच्या घराचं दार मात्र कुणी उघडलं नाही. चाचीचा मला फोन आला, “तू तरी त्याला समजव. पोर रोज विचारते.”

मी माळावर गेले तेव्हा उन्हं उतरली होती. वस्ती ओस पडलेली. तो चोवीस नंबरच्या पायरीवर बसला होता. अंगानं खंगलेला, पण सदरा धुतलेला, कडक इस्त्रीचा.

“मुझम्मिल, लाइबा वाट बघतेय. चल.”

“हळू बोला, ताई...” तो कुजबुजला. “आत्ताच तिचा डोळा लागलाय.”

“कुणाचा?”

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्या पाठीमागचं दार सावकाश लागलं, आणि आतून कुणीतरी कडी घातली.