तिरक्या पाईपचा तळ

तिरक्या पाईपखाली वाकून ती परीक्षेतला वेल्डिंगचा जोड बघत होती, तेवढ्यात पलीकडून तोही वाकला. दोघांची डोकी दणकन आपटली.

"माफ करा... मी नवा परीक्षक," तो कपाळ चोळत म्हणाला.

"नापासच करायचं तर सरळ करा की — डोकं कशाला फोडता?"

त्या दिवशी ती खरंच नापास झाली. पुढच्या खेपेलाही. पाईप तिरका, पक्का बांधलेला. तो फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. बाजू, माथा झकास जमे. पण तपासायला जोडातून कापलेल्या पट्ट्या वाकवल्या, की तळाची मात्र तडके. आठ तासांची पाळी उरकून ती परीक्षेला बसायची. अंगाचं पार चिपाड झालेलं. हात मनाचं ऐकणार कसे? आता शेवटची संधी. हुकली की वर्षभर पुन्हा घासकाम.

सरावाला तो रोज थांबू लागला. "ऐन तळातून सुरुवात नको. जरा अलीकडून करा, मग सुरुवातीचं तेवढं टोक घासून उतरतं करा, म्हणजे पुढचा थर त्यात नीट मिसळेल."

"सारखे माझ्या हाताकडेच बघता का हो?"

"छे... हाताकडे मधूनमधून."

तिला दमलेलं असूनही हसू आलं.

परीक्षेच्या दिवशी मात्र समोर दुसराच, म्हातारा परीक्षक उभा. तिनं इकडंतिकडं पाहिलं; तो कुठंच नव्हता. तरी तिनं काम निभावलं नि पाय ओढत बाहेर आली. तिथं तिचा नवा परीक्षक बाकावर बसला होता.

"ऐन वेळी पळालात?"

"तुम्ही पास व्हावं, असं मला फार वाटतं. परीक्षकाला इतकं वाटू नये... म्हणून तुमची परीक्षा दुसऱ्यानं घ्यावी, असं साहेबांना लिहून दिलं."

"कारण काय लिहिलंत?"

"खरं तेच."

"म्हणजे अख्ख्या कारखान्याला ठाऊक, आणि मला —?"

"चुकलंच माझं."

दार उघडलं. म्हाताऱ्यानं वाकवलेल्या चारही पट्ट्या तिच्या हातात ठेवल्या. एकीलाही तडा नव्हता. "पास झालीस, पोरी," तो म्हणाला, आणि बाकावरच्या तरुणाकडे वळून, "आता तोंडानं बोल की रे!"

ती धपकन बाकावर बसली. पट्ट्या मांडीवर घेऊन तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "बोला."

तो अडखळत बोलू लागला. मध्येच थांबला. "झोपलात?"

"नाही... पहिल्यापासून सांगा."

खांद्याला कळ लागली होती. तसूभरही न हलता त्यानं पहिल्यापासून सांगितलं.